सत्तावन्न किलो आठशे

१६ जानेवारी

दवाखान्याने मला एक छापील वही दिली आहे. रोज भरायची. ताप किती, उलट्या किती, जुलाब किती वेळा. चौकटी इतक्या लहान की माणसाने आजारीसुद्धा बेतानेच पडावं. चौकटीत मावणार नाही ते कुठे लिहायचं, असं मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "काका, ते तुमचं तुम्ही बघा."

म्हणून ही दुसरी वही. निवृत्त होताना ऑफिसातल्या तपासणीच्या कोऱ्या वह्यांमधली एक मी चक्क ढापली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी एकुलती एक अफरातफर. वजनमापं तपासणं हे माझं काम. दुकानादुकानांत जाऊन काटे बघायचे, मापं ताडून घ्यायची, माप खरं निघालं तर त्याच्या पोटात भरलेल्या शिशावर शिक्का ठोकायचा, खोटं निघालं तर जप्त करायचं. लोक मला बघून हसायचं थांबत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात गेला आहे. दोन प्रकारची औषधं झाली, दोन्हींनी हात टेकले. हे तिसरं अजून प्रयोगात आहे, बाजारात आलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की सहा-सहा जणांचा एक गट असतो आणि प्रत्येक गटाला आधीच्या गटापेक्षा थोडा जास्त डोस देतात. शिडीच्या पायऱ्या चढायच्या तसं. ज्या पायरीवर माणसं आजारी पडायला लागतील तिथे थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. मी चौथ्या पायरीवर आहे. डोस किलोमागे मोजून देतात, इतक्या किलोला इतके मिलिग्रॅम. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

एकोणीस पानांवर सह्या केल्या. सतराव्या पानावर लिहिलं होतं की वजन सुरुवातीपेक्षा दहाव्या हिश्शाहून जास्त घटलं तर अभ्यासातून बाहेर. आज माझं वजन चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम भरलं. म्हणजे सत्तावन्न किलो आठशे ही शेवटची रेघ. बाहेर बाकावर ही बसली होती, तिला सांगितलं. तिने पर्समधून शिवणाचा खडू काढला आणि हातातल्या पिशवीवरच आकडा लिहून ठेवला.


३ फेब्रुवारी

दुसरी सलाईन झाली. वजन बासष्ट नऊशे.

या औषधाने गार वस्तू चावतात. दाराची लोखंडी मूठ धरली की बोटांतून मुंग्या धावत जातात. पाणी कोमट करून प्यावं लागतं, नाहीतर घशात काच उतरते. पण सलाईननंतरचे दोन दिवस मात्र विलक्षण जातात. झोप आणि जाग यांच्या मधली भिंत पातळ होते. दुपारी पडल्या पडल्या एक बाजार दिसला. प्रत्येक दुकानात काटा, पण विकायला काहीच नाही. एक बाई पारड्यात दुपारचं ऊन ओतत होती आणि म्हणत होती, साहेब, बरोबर आहे ना बघा. मी वाकून पाहिलं. काटा मधोमध होता. मला फार बरं वाटलं.

शेजारच्या खुर्चीवर एक गवंडी असतो. आमच्याच गटातला. हात असे की वीट आपणहून रांगेत बसेल. तो म्हणाला, "तुम्ही काटेवाले ना? मग एवढं सांगा, हे औषध खरं आहे का नकली?"

म्हटलं, "शिक्का मारायचा आहे अजून. तो आपल्या अंगावर मारणार आहेत."

तो इतका हसला की सिस्टर धावत आली.


९ फेब्रुवारी

मी दिवसभर हिच्या शिवणाच्या खोलीत पडून असतो. माझ्या खोलीपेक्षा इथे ऊब जास्त. ही पडदे शिवते. हॉटेलांचे, शाळांचे, एकदा तर एका नाटकगृहाचा शिवला, तेव्हा आम्ही महिनाभर लाल रंगातून वाट काढत जेवायला जायचो. खोलीभर दोऱ्यांवर तयार पडदे लटकलेले असतात. खिडकी उघडी असली की सगळे एकदम श्वास घेतात. उन्हाचा रंग तासातासाला बदलतो. आधी हिरवट, मग मधासारखा, मग मातकट. मी त्यांच्या मधे खाटेवर पडलेलो. मधूनच मशीन धडधडतं आणि थांबतं. ही तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे कुठलीच गोष्ट रागाने सांगू शकत नाही.

पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या काठात ती शिशाची बारीक माळ घालते. मी म्हणालो, "शिसं दोघांच्याही धंद्यात. आपली पत्रिका तिथेच जुळली."

"जुळली कसली," ती म्हणाली, "मी पडदे शिवते आणि तुम्ही लोकांचे उघडे पाडता."


१७ फेब्रुवारी

वजन एकसष्ट तीनशे.

गवंडी गेला. मेला नाही, बाहेर गेला. काट्यावर उभा राहिला, सिस्टरने आकडा लिहिला, मग परत उतरवून परत चढवला. दोनशे ग्रॅम कमी पडले. दोनशे ग्रॅम म्हणजे एक संत्रं. तो म्हणाला, "थांबा, पाणी पिऊन येतो." सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान हलवली. त्याची बायको आणि ही बाहेर एकाच बाकावर बसल्या होत्या. परतीच्या वाटेवर ही पिशवीवरचा आकडा बोटाने गिरवत होती.

मी म्हणालो, "अगं, नियम आहे. अशक्त माणसाला ते औषध झेपत नाही, म्हणून केलेला असतो."

ती म्हणाली, "संत्रं खाऊन गेला असता तर?"

म्हटलं, "तर काटा खोटं बोलला असता."

"काट्याचं काय जातं हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.


२२ फेब्रुवारी

घरातला वजनकाटा दिसेना. विचारलं तर म्हणाली, माझ्या धाकट्या बहिणीला दिला, तिला हवा होता. मेहुणीला काटा कशाला? ती तर आरशातही अर्धीच बघते. पण ठीक आहे. रोज उठून काट्यावर चढायची मला खोड लागली होती आणि त्याने जीव अर्धा होत होता, हे खरं आहे.

जेवणावरून मात्र आमची जुंपते. ती समोर बसते आणि माझा घास माझ्या तोंडापर्यंत नजरेने पोचवते. दूध, अंडं, बटाटा, लोणी. चवच जाणवत नाही, सगळं ओल्या कागदासारखं लागतं. आज अर्धं ताट तसंच राहिलं. ती ते ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती.


३ मार्च

आज आनंदाचा दिवस. वजन एकसष्ट दोनशे. फक्त शंभर ग्रॅम घट!

हिने माझ्यासाठी बंडी शिवली आहे. आत कापूस, वर जाड तपकिरी कापड, उभ्या शिवणी. दवाखान्यातला गारठा मला चावतो ना, म्हणून खास तिकडे घालायला. घरी घालायची नाही, मळेल, असा हुकूम आहे. बोटांची टोकं आता बधिर झाली आहेत, त्यामुळे बटणं तीच लावते आणि घरी आल्यावर तीच काढते. मी तोवर हात पसरून उभा. सिस्टर सगळ्यांच्या कपड्यांचा अर्धा किलो वजा करते. बंडी काढू का म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या काका, कुडकुडाल. धरलेत मी कपडे."

बाहेर येऊन आकडा सांगितला तेव्हा हिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. जवळ जाऊन बघतो तर हिशेब करत होती.


१७ मार्च

एकसष्ट चारशे. वाढलं!

एक गंमत लिहून ठेवायची आहे. दवाखान्याच्या दिवशी मी जड असतो. खरोखर. जिना चढताना कुणी खांद्यांवर हात ठेवून दाबतंय असं वाटतं. घरी आलो, बंडी काढली, खाटेवर पडलो की एकदम हलका. पडद्यांबरोबर मीही थोडा वर उचलला जातो. आज दुपारी डोळे मिटून त्यावर विचार करत होतो. एकतीस वर्षं मी फक्त वस्तूंचं वजन केलं. भीतीला वजन असेल का? आशेला? दवाखान्यात जाताना माणूस दोन्ही अंगावर घेऊन जातो. कुणी मोजलेलंच नाही, तर नाही कसं म्हणायचं? असली विधानं पूर्वी कुणी माझ्यासमोर केली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हिला सांगितलं. तिच्या हातातली सुई थांबली. मग म्हणाली, "तुम्ही जास्त विचार करू नका. झोपा."


२९ मार्च

स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी आहेत तेवढ्याच आहेत. वाढल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात आहे तिथे थांबणं ही चांगली बातमी असते."

हिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बाकावर बसून ती जी रडायला लागली ती थांबेचना. "मग मी बरोबरच केलं," असं काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "काय बरोबर केलंस?" तर म्हणे, "तुम्हाला या औषधाला घातलं ते." घातलं मीच मला, सह्या माझ्या आहेत. पण म्हटलं घेऊ दे श्रेय.


३१ मार्च

एकसष्ट शंभर. माझं वजन आता एखाद्या सरकारी मापासारखं ठाम झालं आहे. विजारीसुद्धा कमरेला अगदी बरोबर बसतात.


६ एप्रिल

तोंडभर फोड आले आहेत. पाणी गिळतानाही डोळ्यांपुढे पांढरं होतं. पाच दिवस जुलाब. छापील वहीतली चौकट पुरली नाही, मी आकडा बाहेर काढून लिहिला. तळपायांची कातडी सोलवटते आहे. गुंगी मात्र गोड आहे. सकाळ कधी संपली आणि दुपार कधी लागली ते पडद्यांच्या रंगावरून ओळखतो. आज बराच वेळ मला वाटत होतं की मी खाटेवर नाही, पडद्याच्या खालच्या काठाला धरून लोंबकळतोय.

एक गोष्ट मात्र गुंगीतही खटकली. घड्याळाचा पट्टा. हात वर केला तर घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. पूर्वी चौथ्या भोकात लावायचो, आज शेवटच्यातही सैल. चामड्याला खोटं बोलता येत नाही. मग एकसष्ट शंभर कुठून आले?


१४ एप्रिल

आज सलाईन दिली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत. डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद चाळत होत्या. गटातल्या उरलेल्या चार जणांना इतका त्रास नाही, मलाच का, ते त्यांना उमगेना. म्हणाल्या, "सोमवारी आमच्या समितीची बैठक आहे. तुमच्यासारखा एखादाही इतका आजारी पडला तर आम्ही ही पायरी जास्त धरतो आणि पुढच्या सगळ्यांचा डोस खाली आणतो."

माझं डोकं तिथून पुढे चालायला लागलं. डोस वजनावर. वजन काट्यावर. आणि काटा मघाशी साठ नऊशे दाखवत होता, जेव्हा माझं घड्याळ कोपरात आहे. म्हणजे काटा खोटा. एवढ्या मोठ्या दवाखान्यात खोटा काटा! मला त्रास होत होता, तोंडातून धड शब्द फुटत नव्हता, पण खरं सांगतो, अंगात तरतरी आली. वर्षभरात पहिल्यांदा मी रोगी नव्हतो.

सिस्टरला म्हटलं, "हा काटा मला तपासायचा आहे."

"काका, दर महिन्याला माणूस येतो तपासायला."

"तशी माणसं मी खूप पाहिलीत."

तिने हसून हात जोडले. मी सलाईनच्या लिटरच्या बाटल्यांची न फोडलेली खोकी आणवली. आधी तिथल्या औषधांच्या छोट्या अचूक काट्यावर एक बाटली मोजली, रिकामं खोकं मोजलं, मग वीस-वीस बाटल्यांची तीन खोकी एकावर एक काट्यावर चढवली. ती वाहून आणणाऱ्याने मला मनात काय शिव्या दिल्या असतील त्या दिल्या. मी कागदावर बेरीज करून ठेवली होती. फरक वीस ग्रॅमचा निघाला. वीस ग्रॅम! असा काटा मी डोळे मिटून पास केला असता.

"बघा," सिस्टर म्हणाली, "काटा खरा आहे. मग आता कोण खोटं?"

मीही हसलो. घरी येताना मात्र बेरजेचा कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. इतक्या वर्षांत मी कधी खऱ्या काट्यावर आळ घेतला नव्हता.


१५ एप्रिल

ही पडदे पोचवायला गेली आहे. काल घरी आल्यावर मी बंडीतच झोपून गेलो होतो, तिनेही उठवलं नाही. आज ती गेल्यावर जाग आली तेव्हा उकडत होतं. बटणं लागत नाहीत पण ओढली तर निघतात. दोन तुटली. बंडी खुर्चीवर टाकली, ती घसरून खाली पडली.

कापूस घातलेलं कापड असं पडत नाही.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. मी एकतीस वर्षं शिशावर शिक्के ठोकले आहेत. बोटांना काही कळत नाही म्हणून बंडी उचलून गालाला लावली. उभ्या शिवणींच्या आत मणी लागले. एकामागून एक, ओळीने. चार ओळी आतल्या बाजूला, एकेक वेगळ्या दोऱ्याची. मार्चमधल्या दवाखान्याच्या तीन फेऱ्या, आणि कालची. बंडी दोन्ही हातांवर तोलली. बोटं मेली असली तरी मनगटं अजून माझीच आहेत. साडेचार किलो. कापूस-कापडाचे चारशे ग्रॅम सोडले तर चार किलो शंभर.

मला राग आला का? हो, आला. सगळ्या जगाला सोडून मला फसवलं. माझ्या घरात, माझ्याच अंगावर खोटं वजन.  मग हळूहळू दुसरंच काही लक्षात यायला लागलं. जन्मभर मी जी लबाडी पकडली ती सगळी कमी देण्यासाठी केलेली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, पोकळ केलेली मापं. माणूस जास्त भरावा म्हणून कुणी असं केलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. बाईने एकेक मणी ओवला असेल. माझा टाकलेला घास मोजून तेवढं शिसं आत घातलं असेल.

विजारी कशा बसत होत्या तेही आता कळलं. कमरेत आत घेतलेल्या शिवणी सापडल्या, तीन वेळा घेतलेल्या.

बंडी होती तशी खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवली. तुटलेली बटणं तिच्या डब्यात टाकली. ती आल्यावर म्हणालो, "ओढून काढली, दोन बटणं गेली बघ." ती बंडीकडे धावली तशी मी इतक्या वर्षांत तिला कशाकडे धावताना पाहिलं नाही.


१७ एप्रिल

दिवसभर पडून विचार करतो आहे.

गप्प बसलो तर? पुढच्या वेळी काटा साठच्या आसपास दाखवेल, रक्त सुधारलं तर सलाईन मिळेल. गाठी थांबल्या आहेत. जगायची इच्छा आहे मला. ती इतकी आहे हे मला ठाऊक नव्हतं. सतरा नंबरचं पान मी मनातल्या मनात पाच-सात वेळा फाडलं.

पण सोमवारी समिती बसणार. माझे फोड आणि माझ्या पेशी बघून ते म्हणतील की चौथी पायरी जास्त आहे. पायरी जास्त नव्हती, मी कमी होतो. छप्पन्न-सत्तावन्न किलोच्या माणसाला एकसष्टचा डोस. मग माझ्यामागून येणाऱ्या सगळ्यांना कमी औषध मिळेल. कदाचित न पुरणारं. कुठल्यातरी दुकानात मी कायम कमी तोलत राहीन, आणि मला पकडायला कुणी येणार नाही.

आणि खरं सांगितलं तर तिला कळेल. शिशाने मी आजारी पडलो असं तिला कळेल. तिने मला वाचवायला जे केलं त्याने माझं तोंड सोललं, हे त्या बाईला कळलं तर ती पुढे कशी जगेल? मी नसेन तेव्हा तर हेच घेऊन बसेल ती. सुई हातात धरणार नाही.

दुपारी गुंगीत तो बाजार परत दिसला. सगळी दुकानं बंद होती. काटे उघड्यावर ठेवलेले आणि वाऱ्याने पारडी नुसती हलत होती. मी मधोमध उभा होतो आणि माझ्याकडे शिक्का नव्हता. उठलो तेव्हा काय करायचं ते ठरलं होतं. तिने तोंडात टाचणी धरून विचारलं, "काय हसताय?" म्हटलं, "काही नाही, जुन्या ऑफिसातली गंमत आठवली."


१९ एप्रिल

आज बोलावलेलं नसताना दवाखान्यात गेलो. हिला म्हटलं, रक्त द्यायचं आहे. तिने बंडी चढवली, नवी बटणं लावली होती. ती नेहमीसारखी बाहेर बाकावर बसली.

आत जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "बंडी काढा आणि मला मोजा." काट्यावर छप्पन्न चारशे. बंडी वेगळी मोजली. साडेचार किलो. मनगटं बरोबर होती.

डॉक्टरीणबाई बंडीकडे बघत राहिल्या. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "पडद्याचं शिसं घरात पडलेलं असतं. बायको बाहेर गेली की एकेक ओळ घालायचो. तिला यातलं काही माहीत नाही."

"का केलंत?"

"बाहेर काढाल याची भीती वाटली." हे मी हिच्या वतीने म्हणालो होतो, पण म्हणून झाल्यावर कळलं, ते माझंही होतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळा त्रास यानेच झाला असं मी म्हणणार नाही. पण याने झाला असेल." मग म्हणाल्या की सोमवारी माझी नोंद बाजूला ठेवतील, पायरी तशीच राहील. मी अभ्यासातून बाहेर. उपचारातून नाही, दुखणं आटोक्यात ठेवायचं ते ठेवू, त्यांचा शब्द. मी विचारलं, "गाठी?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा अर्थ मला समजतो.

सिस्टरने जबाब लिहिला. लिहिता लिहिता बंडी उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं. "किती बारीक टाके आहेत हो काका."

"सवय आहे," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली. पेन माझ्या हातातून दोनदा खाली पडलं, तिने दोन्ही वेळा उचलून दिलं आणि तिसऱ्यांदा माझा हात हातात धरून सही करवून घेतली. 'वजनात फेरफार मी स्वतः केला.' एकतीस वर्षं असले जबाब मी लोकांकडून घेतले, आज पहिल्यांदा खाली माझं नाव. तिने काही विचारलं नाही. खोटं पचलं असं वाटतं. इतकं सराईतपणे बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं.

ही वही मी दोऱ्याने बांधून, न उघडण्याच्या बोलीवर, सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला देणार आहे, उद्याच कुणाच्या तरी हाती पाठवून. घरात राहिली तर केव्हातरी हिच्या हाती लागेल. एवढं लिहायचं उरलं आहे, ते ही स्वयंपाकघरात आहे तोवर लिहितो.

बंडी परत अंगात घातली. सिस्टरनेच बटणं लावली. बाहेर आलो तर ही उभी राहिली.

म्हणालो, "औषध बंद केलं. माझ्या रक्ताला मानवत नाही ते."

तिचा चेहरा पांढरा पडला. "वजनामुळे?"

"छे. वजनाचं नावही काढलं नाही कुणी. ते तर उत्तम आहे."

"किती भरलं?"

 तिचं शिसं चार किलो शंभर. रेघ सत्तावन्न आठशे. मी हिशेब केला आणि म्हणालो, "त्रेसष्ट."

तिचे ओठ हलले. ती मनातल्या मनात वजाबाकी करत होती, ती मला स्पष्ट दिसली. त्रेसष्टातून चार शंभर गेले, राहिले अठ्ठावन्न नऊशे. रेघेच्या वर. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातच तिचा चेहरा उजळत गेला.

"बघा," माझा दंड धरून ती म्हणाली, "मी म्हणत होते ना, खाल्लेलं तुमच्या अंगी लागतंय."